मामाने चाखलेलं पाणी

आखातात, अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटला उघडता येईल अशी एकच खिडकी होती आणि ती स्वयंपाकघरात होती. बाकीच्या खिडक्यांत एसी बसवलेले. त्यांची घरघर इतकी सवयीची झाली होती की वीज गेली की आम्ही आपोआप हळू आवाजात बोलायला लागायचो. शुक्रवारी सकाळी खालच्या कॅफेटेरियातून करक चहातल्या वेलदोड्याचा वास त्या खिडकीतून वर यायचा आणि आईच्या लसणाच्या फोडणीत मिसळायचा. शुक्रवारी आमच्याकडे शेंगोळी असायची. हुलग्याचं पीठ ती जुन्नरहून येताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये दडवून आणायची, म्हणून वर्षभर तिच्या चांगल्या साड्यांनाही हुलग्याचा वास असायचा. ओट्यापाशी उभी राहून ती तळहातावर पीठ वळायची, त्याची कडी करायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. हे सगळं सोपानमामासाठी. तो तिचा धाकटा भाऊ. बिरकत अल अवामेरच्या कामगार वसाहतीत राहायचा आणि दोन बस बदलून जुम्म्याच्या नमाजाआधी आमच्याकडे पोचायचा.

मामा गवंडी होता, पण साधा नाही. आमच्या मुलखातल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधणारा तो गवंडी. पाव भाजायची भट्टी आतून विटांच्या कमानीने पेललेली असते, हे मला त्याच्यामुळे कळलं. सिमेंटने त्याची बोटं इतकी फाटलेली असायची की आई त्याला जेवणाआधी खोबरेल लावायला द्यायची आणि मग तो तेलकट हातांनीच कुस्करून जेवायचा. माझी धाकटी बहीण पल्लवी त्याच्याशी इंग्रजीतून बोलायची. तो हसून आईला म्हणायचा, "आक्का, हिच्यात मराठी आत जातं, पर भाईर येताना त्याचं इंग्रजी हुतं. मदी काय मशीन बसवलंय का?"

बाबा एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होते. मामाला आणि मला, दोघांनाही तिथे त्यांनीच चिकटवलं होतं. मी चोवीस वर्षांचा, पुण्यातून इंजिनिअरिंग संपवून परत आलेला, साइटवरचा सगळ्यांत ज्युनिअर इंजिनिअर. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "साइटवर मामा म्हणायचं नाही. मिस्त्री म्हणायचं. वशिल्याची माणसं आहेत असं कोणी म्हणता कामा नये." मी ते इतकं पाळलं की पुढे पुढे मला त्यात बरं वाटायला लागलं. शुक्रवारी ज्याच्या ताटातला शेवटचा कांदा मी उचलायचो, त्याला शनिवारी "काय मिस्त्री, किती झालं?" असं विचारताना मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात.

काम होतं लुसैलच्या कडेला एका बंगल्यांच्या वसाहतीचं. आत एक खोदलेला कालवा आणि त्याच्यावरून जाणारा रस्त्याचा पूल. मालक तरुणपणी शिकायला इंग्लंडमध्ये होते. तिथल्या जुन्या कालव्यावर विटांच्या एका कमानीचा, मधे उंटाच्या पाठीसारखा उचललेला छोटा पूल होता, आणि त्याच्या कठड्याशी उभं राहून काढलेला त्यांचा फोटो होता. त्यांना तोच पूल हवा होता. काँक्रीट ओतून वरून विटांचं सोंग करू, असं आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी, केरळच्या मॅथ्यूसाहेबांनी सुचवलं तेव्हा मालक म्हणाले, कमान खरी पाहिजे. मग सगळ्या कंपनीत खरी विटांची कमान बांधलेला माणूस कोण, याचा शोध सुरू झाला. स्टेडियमं, मेट्रो, उड्डाणपूल बांधणारे हजारो लोक होते, पण विटेवर वीट टेकवून छप्पर धरायला लावणारा एकही नव्हता. बाबांनी मान खाली घालून सांगितलं, "आमचे मेव्हणे भट्ट्या बांधतात." म्हणजे नातं जाहीर करायची वेळ आलीच, पण ती फक्त मॅथ्यूसाहेबांपुरती.

मामाने तो फोटो दोन शुक्रवार आमच्या घरी आणून पाहिला. उलटा धरला, आडवा धरला. कालव्याच्या पाण्यात कमानीचं प्रतिबिंब पडलं होतं. "बघ भाच्या, वरचं अर्धं विटेचं आन् खालचं अर्धं पाण्याचं. पुरा गोल झाला. ज्यानं बांधलंय त्यानं पाणी बघून बांधलंय." कमानीच्या कडेच्या विटांवर बोटभर खोल खाचा होत्या. मी वाचून सांगितलं की काठावरून घोडे चालायचे, ते दोराने नावा ओढायचे आणि तो दोर पुलाच्या कडेला घासून घासून या खाचा पडल्या. मालकांना त्याही हव्या होत्या. मामा बराच वेळ हसला. "सांग त्यांना, घोडा आणा. शंभर वर्सं थांबतो मी." मग एकदम गंभीर होऊन आईकडे वळला. "आक्का, चाळीसेक भट्ट्या बांधल्या असतील मी. समद्या कमानी आत. लोक पाव खात्यात, कमान कोण बघतंय? काजळीनं काळी हुती आन् खलास. ही एक भाईर ऱ्हाणारे. उजेडात." आईने त्याच्या ताटात आणखी दोन शेंगोळी घातली.

काम वैशाखासारख्या उन्हात सुरू झालं. कालव्यात अजून पाणी सोडलं नव्हतं, तरी समुद्र जवळ असल्यामुळे खालून झिरपायचं आणि पंप लावून ते सतत उपसावं लागायचं. आधी सुतारांनी लाकडी साचा उभा केला. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मामा आणि त्याच्या हाताखालचे चार बिहारी गवंडी विटा चढवत वर येत होते. मामा वीट कोरडी लावायचा नाही. पिंपात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून मगच लावायची. कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल मरतो, असं त्याचं म्हणणं. आमच्या कागदांत लिहिलं होतं, विटांवर नुसता फवारा मारावा. पण त्या उन्हात फवाऱ्याचं पाणी विटेला लागायच्या आत उडून जायचं, म्हणून मी तोंडी परवानगी दिली होती. आणखी एक सवय होती त्याची. पाण्याचा टँकर आला की पहिली ओंजळ तो स्वतः तोंडात घ्यायचा, गुळणीसारखी फिरवायचा, थुंकायचा आणि मग म्हणायचा, "हां, गोडं हाय. चला." बिहारी पोरं त्याला हसायची. मीही हसायचो. मिठाचं पाणी विटेत गेलं की ते पुढे पांढरं होऊन बाहेर फुटतं, याला आमच्याकडे लोणा लागणं म्हणतात, हे मी पुस्तकात शिकलो होतो. तो जिभेवर शिकला होता.

गोड्या पाण्याचा टँकर मागवायची पद्धत अशी होती, की शनिवारी पाणी हवं तर गुरुवारी दुपारपर्यंत ऑफिसात चिठ्ठी द्यायची. ते माझं काम. त्या गुरुवारी मी दिवसभर तपासणीच्या अर्जांमागे धावत होतो. एक अर्ज तीनदा परत आला होता. एकदा सही चुकीच्या चौकटीत, एकदा नकाशाचा क्रमांक जुना, एकदा नुसता परत, कारण न देता. चौथ्यांदा तो स्वीकारला गेला तेव्हा मी इतका वैतागलो होतो की गाडीत बसलो आणि घरी आलो. टँकरची चिठ्ठी माझ्या खिशात, भरलेली, सही केलेली, तशीच राहिली. शुक्रवारी मी शेंगोळी खाल्ली, मामाच्या शेजारी बसून, आणि पॅन्ट धुवायला टाकली.

शनिवारी सकाळी पिंपं कोरडी. कमानीचा वरचा भाग उरला होता, कमान बंद करणारी मधली चावीची वीट त्या दिवशी बसायची होती, कारण सोमवारी मालक बघायला येणार होते. मी टँकरवाल्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला आणि "बुक्रा, बुक्रा" म्हणजे उद्या, उद्या म्हणून ठेवून दिला. मॅथ्यूसाहेबांचा फोन आला, "क्या हुआ? यल्ला यार, जल्दी, आज बंद होना चाहिए." मी म्हणालो, "सर, सगळे टँकर स्टेडियमकडे वळवलेत." त्या काळात आमच्यात ही मोठी सोय होती. रस्ता बंद असो, सिमेंट उशिरा येवो, कोणी कामावर न येवो, फुटबॉलच्या वर्ल्ड कपवर ढकललं की पुढे कोणी विचारायचं नाही. साहेब फक्त म्हणाले, "मुझे कुछ नहीं पता. आज."

दहा वाजले, अकरा वाजले. ऊन असं की विटेला हात लावता येईना. पाच माणसं सावलीत बसून माझ्याकडे बघत होती. आणि वीस पावलांवर उपशाचा पंप स्वच्छ, थंड दिसणारं पाणी धो धो बाहेर फेकत होता. मी सांगितलं, पाइप पिंपात सोडा.

पिंपं भरली. मामाने सवयीप्रमाणे ओंजळ तोंडात घेतली आणि तिथल्या तिथे थुंकली. "खारं हाय हे. नळी काढा." पोरं थांबली. मी म्हणालो, "मिस्त्री, टेस्ट झालीय त्याची. लॅबचा रिपोर्ट आलाय. चालतं." तो माझ्याकडे बघत राहिला. "आरं पर जिभेला लागतंय की." आणि मी सगळ्यांच्या देखत, हिंदीतून, म्हणजे सगळ्यांना समजावं म्हणून म्हणालो, "आपकी जीभ बड़ी या लैब बड़ी?" पोरं खो खो हसली. मामाही थोडा हसला. खांदे उडवून म्हणाला, "रिपोर्ट आलाय म्हणतोस तर आसंल," आणि पहिली वीट पाण्यात सोडली.

रिपोर्ट नव्हता. टेस्टही नव्हती. संध्याकाळी रोजच्या अहवालात पाण्याच्या रकान्यात मी "गोडे पाणी, टँकर" असं लिहिलं आणि खाली सही केली.

चावीची वीट बसली. सोमवारी मालक आले, ओल्या गोणपाटांखालची कमान पाहून खूश होऊन गेले. दोन आठवड्यांनी साचा काढायचा दिवस आला. भट्टी बांधणाऱ्यांमध्ये एक रीत आहे. साचा ओढून काढताना ज्याने कमान बांधली तो आत बसतो. पडली तर त्याच्यावर पडेल. मामा कालव्याच्या कोरड्या तळात, कमानीच्या बरोबर मध्याखाली मांडी घालून बसला. सेफ्टीवाला ओरडत होता, मामा ऐकत नव्हता. पाचरी ठोकून सैल केल्या, लाकडं कुरकुरली, साचा चार बोटं खाली आला आणि कमान जिथे होती तिथेच राहिली. मामाने वर बघितलं. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि नुसता बसून राहिला. मी त्याला तेव्हा जितकं आनंदात पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही.

गोणपाटं काढल्यावर पाचव्या दिवशी पांढरं दिसायला लागलं. आधी सांध्यांतून पिठूळ रेघा, मग विटांवर ढग. वरचा एक तृतीयांश भाग, बरोबर त्या शनिवारी बांधलेला. खालच्या विटा लालबुंद, स्वच्छ. ज्याला बघायचं होतं त्याला तारीख वाचता आली असती. पण बघायला वेळ कोणाला होता? मॅथ्यूसाहेबांनी कमानीखाली उभं राहून विचारलं, "ईंट भिगोने को कौन बोला था?" मामा म्हणाला, "मैं भिगोता हूँ, साब. हमेशा भिगोता हूँ." साहेबांनी माझ्या हातातला अहवाल घेतला, पाण्याचा रकाना पाहिला. गोडं पाणी. मग पिंपांकडे पाहून म्हणाले, "पानी ठीक था. ये इसका देहाती तरीका है. ड्रम में क्या पड़ा था, किसको पता." मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य पुरेसं होतं. मामाने माझ्याकडे पाहिलं, मी अहवालाकडे पाहिलं. तो म्हणाला, "साब, कोरड्या ब्रशनं... सूखा ब्रश मारो, पानी मत लगाओ, तीन महीना ठहरो. अपने आप जाएगा." साहेब म्हणाले, "तीन महीना किसके पास है?"

मामाला गावी परत पाठवायचं ठरलं. आठ दिवसांत. बाबांना ऑफिसात बोलावून सांगितलं. बाबा घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसले. म्हणाले, "माझ्या शब्दावर घेतलं होतं त्याला." एवढंच. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने भावाच्या वतीने नवऱ्याची माफी मागितली. माझ्या देखत. "त्याला समजायला हवं होतं. चूक झाली त्याची. तुमची मान खाली गेली." मी आत गेलो, पाणी प्यालो, परत आलो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "पल्लवी कुठेय?"

शेवटच्या शुक्रवारी मामा आला तेव्हा आईने शेंगोळी केली नव्हती. वरणभात होता. खोबरेलाची बाटली जागेवर नव्हती, ती त्याने मागितलीही नाही. निघताना दारात चपला घालता घालता एवढंच बोलला, "आक्का, पाणी मी चाखलं हुतं." आई म्हणाली, "चाखलं होतंस तर वापरलंस कशाला?" तो माझ्याकडे बघत होता. मी एसीचा रिमोट हातात घेऊन उभा होतो, बटणं दाबत होतो. त्याने मान हलवली आणि जिना उतरून गेला. आई नेहमीसारखी खिडकीशी गेली नाही.

कमान पाडली नाही. तिच्यावर बाहेरून विटेच्या रंगाच्या पातळ टाइल्स डकवल्या, आतून प्लास्टर करून रंग दिला. खाचासुद्धा टाइल्समध्येच मशीनने पाडून आणल्या, दोन्हीकडे अगदी सारख्या. मालकांनी तिच्या कठड्याशी उभं राहून नवा फोटो काढला. मामाची कमान आतच राहिली. मी त्या पुलावरून नंतर कितीतरी वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी गाडीचा वेग कमी करून पुन्हा वाढवला.

या गोष्टीचं काही करता येत नव्हतं असं नाही, हेच मला अजून कुरतडतं. मॅथ्यूसाहेबांना लिहिलेलं पत्र मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. ते सेवानिवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा आता कोणाला सांगायचं, म्हणून मोकळं वाटलं आणि त्या मोकळं वाटण्याचीच घाण वाटली. बाबांना त्यांच्या आजारपणात सांगायचं ठरवलं होतं. रोज त्यांच्या उशाशी बसायचो आणि रोज क्रिकेटचा स्कोअर सांगायचो. ते गेले. बाबांचे दिवस आम्ही गावी येऊन केले, त्यांनाही मामा आला नाही, आणि आईने त्याला कळवलंच उशिरा.

आम्ही पुण्याला परतल्यावर एकदा मी एकटाच मामाला शोधत गेलो. नारायणगावजवळ एका बेकरीत नवी भट्टी चालू होती. तो आत बसला होता, साचा काढायचा होता. भट्टीच्या तोंडातून त्याचे फक्त गुडघे दिसत होते. मला वाटलं, चेहरा दिसत नाही तोवर सांगून टाकावं. मी वाकून त्या भोकातून सगळं सांगितलं. चिठ्ठी, खिसा, पंप, रिपोर्ट, रकाना. आतून त्याचा आवाज आला, भट्टीत घुमून मोठा झालेला.

"मला ठावं हाय रं. त्याच दिशी ठावं हुतं. रिपोर्ट आसता तर तू कागद नाचवला आसतास." मग म्हणाला, "आक्काला सांगितलंस?"

"नाही."

"मग हितं काय भोकात वरडतोस? हितनं कुणाला ऐकू जातंय?" आणि गड्याला म्हणाला, "वढ रं साचा."

त्यालाही आता चार वर्षं झाली. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून माझ्या शाळेतल्या मोडक्या मराठीला वळण लावत मी हे इथवर लिहिलं. तोंडाने जमणार नाही हे मला कळून चुकलंय. मोठ्या अक्षरांत छापून काल दुपारी तिच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसलो. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. एकेका पानाला तिला पाच-सात मिनिटं लागत होती. शेवटी पानांची चळत टेबलावर आपटून सरळ केल्याचा आवाज आला.

मी आत गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. विचारलं, "त्याने चाखलं होतं?"

"हो."

"आणि थुंकला होता?"

"हो, आई. लगेच."

"मला सांगत होता तो. दारात." ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "फोन लाव त्याला."

मी लावला. स्पीकरवर टाकून तिच्या समोर धरला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. कुठल्यातरी भट्टीच्या आत असेल, मी म्हणालो, आत रेंज नसते. संध्याकाळी करू.

"परत लाव," ती म्हणाली.

परत लावला. वाजून वाजून थांबला.

"परत."